उल्हास खोऱ्याचे पाणी आणि 'अल्पबाध'

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा आम्हाला फोन आला. म्हणाला, "सर, ठाणे जिल्ह्यात कसलं सिंचन? जून ते सप्टेंबर इथे आभाळ फाटलेलं असतं. सिंचन म्हणजे नगर, सोलापूर, खानदेश." प्रश्न रास्त आहे. कल्याणला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कर्जतकडे त्याहून पुष्कळ जास्त. मग पाणी द्यायचे कुणाला आणि कशासाठी?

पण हाच पाऊस चार महिन्यांत पडतो आणि धावत जातो. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि १२२ किलोमीटर चालून वसईच्या खाडीला लागते. कोकणातल्या पुष्कळ नद्या घाट उतरल्या की थेट समुद्राकडे वळतात. ही मात्र कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत उत्तरेला येते, कल्याणजवळ काळूला भेटते आणि मग पश्चिमेला वळते. काळूत आधीच भातसा मिळालेली असते. खालच्या अंगाला भरतीचे खारे पाणी उलट वर चढते. म्हणजे या खोऱ्यातल्या शेतकऱ्यापुढे दोन प्रश्न होते. गोडे पाणी लगेच निघून जाऊ नये, आणि खारे पाणी आत येऊ नये. देशावरच्या पाटाची कल्पना डोक्यात ठेवून इथे आलो तर इथले सिंचन आपल्याला दिसतच नाही, कारण इथले सिंचन म्हणजे मुख्यतः बांध.

नारदस्मृतीत सेतू दोन प्रकारचा सांगितला आहे. एक खेय, म्हणजे खणलेला, पाणी वाहते करणारा. दुसरा बंध्य, पाणी अडवणारा. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. हे वर्गीकरण पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले, पंडितांना वर्गीकरणाची हौसच फार. पुढे खाजणाच्या बांधावर उभे राहिलो तेव्हा कळले की हे पुस्तकी नव्हे. एकाच बांधात दोन्ही गोष्टी असाव्या लागतात.

खाजण जरा सावकाश पाहू या, कारण डोंबिवलीच्या लोकांना ते अगदी दाराशी होते आणि आता दिसेनासे झाले आहे. दिवा सोडून लोकल कोपरकडे येऊ लागली की खाडीच्या बाजूला सपाट, ओलसर, थोडी पांढुरकी जमीन दिसायची. आमच्या तरुणपणी तिथे पावसाळ्यात भात असे. ही जमीन निसर्गाने दिलेली नव्हती, आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाडीकडून मागून घेतलेली होती. बाहेरच्या बाजूला चिखलाचा, दगडाचा मोठा बांध. त्याला जागोजाग उघाडी. उघाडी म्हणजे काय, तर लाकडी झडप असलेले तोंड. ओहोटीला शेतातले पाणी तिला रेटून बाहेर पडते, भरती आली की खाडीचे पाणी तिला बाहेरून दाबून बंद करते. माणूस लागत नाही, इंजिन लागत नाही. बांध नवा असेल तर पहिली काही वर्षे जमिनीत मिठाशिवाय काही नसते. दर पावसाळ्यात गोडे पाणी आत साठवायचे, ते मीठ विरघळवून ओहोटीबरोबर बाहेर काढायचे. आठ-दहा पावसाळे गेले की मग खारट जमिनीत तग धरणारे तांबडे भात. बरेच ठिकाणी नांगरणी नाही, लावणी नाही. मोड आलेले बी चिखलात फेकायचे, त्याला रहू म्हणतात.

हे सगळे एका माणसाच्या हातचे काम नाही. भोक पडते ते बांधाच्या एका ठिकाणी, पण बुडते शंभर जणांचे शेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रात्री गस्त घालावी लागते. खेकडे बांध पोखरतात. एक खांड पडली आणि दोन भरत्या आत आल्या की त्या वर्षाचे पीक तर जातेच, पुढची दोन-तीन वर्षेही जातात. म्हणून नियम असे की ज्याचे शेत बांधाच्या आत, त्याने हाक आली की टोपली-फावडे घेऊन यायचे. अलिबागच्या बाजूला अशा सामुदायिक कामाला 'जोळ' हा शब्द होता. कुलाबा जिल्ह्यात याच्या शेजारी दुसरी रीत होती, शिलोत्रीची. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी एका शिलोत्रीदारावर, आणि त्याबदल्यात त्याला आतल्या शेतकऱ्यांकडून भाताचा ठरलेला वाटा. इंग्रजांच्या जिल्हा गॅझेटियरमध्ये, ठाण्याचे १८८२चे आणि कुलाब्याचे १८८३चे, या खाऱ्या जमिनींबद्दल आणि त्यांच्या हक्कांबद्दल बरेच लिहिलेले सापडेल.

आता इथे एक गोड गैरसमज होऊ नये. सामुदायिक म्हटले की आपल्याला लगेच रामराज्य दिसू लागते. तसे नव्हते. बांध घालणारे हात कुळांचे आणि भात जायचे खोताच्या, सावकाराच्या कोठारात, हे याच किनाऱ्यावर चालले होते. म्हणून तर नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ इतका लांबला, आणि डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आणले. जुनी व्यवस्था न्याय्य होती असे आमचे म्हणणे नाही. एवढेच म्हणणे आहे की बांध फुटला तर कुणाला हाक मारायची हे तेव्हा प्रत्येकाला ठाऊक होते. १९४८चा खारभूमी कायदा आला, मग १९७९चा खारभूमी विकास कायदा, आणि बांध सरकारकडे गेला. सिमेंट आले, लोखंडी दारे आली. हेतू चांगलाच होता. पण बांधावरची खांड आता दुरुस्तीच्या प्रस्तावाची वाट पाहू लागली, आणि भरती काही प्रस्तावाची वाट पाहत नाही. शेत खारटले की ते पड, पड जमीन की भराव, भराव की इमारत. आज या सभागृहातल्या कित्येकांची घरे अशा जमिनीवर असतील. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही, आमचेही घर फार उंचावर नाही.

आता तुम्हाला थोडे मागे, बाराव्या शतकात नेतो. आमच्या ठाण्याचा हा अभिमानाचा भाग आहे आणि ठाणेकरांना तो फारसा माहीत नाही. उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते. अंबरनाथचे देऊळ त्यांचेच, शके ९८२चे, म्हणजे इ.स. १०६०चे. त्याच घराण्यातला पहिला अपरादित्य. याने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली, ती अपरार्क या नावाने ओळखली जाते. राजा स्वतः कायद्याचा भाष्यकार! काश्मीरच्या पंडितांनी हा ग्रंथ प्रमाण मानला. अपरादित्याचा दूत तेजकंठ काश्मीरच्या पंडितसभेला हजर होता असा उल्लेख मंखाच्या श्रीकंठचरित या काव्यात आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने ही टीका १९०३-०४ साली दोन भागांत छापली.

या याज्ञवल्क्यस्मृतीत शेताच्या सीमेच्या भांडणांचे प्रकरण आहे. तिथे प्रश्न असा येतो की एखाद्याला दुसऱ्याच्या जमिनीत बंधारा घालायचा आहे, त्यात त्या दुसऱ्याची थोडी जमीन जाते. अडवता येईल का? उत्तर असे की बंधारा कल्याणकारक असेल आणि त्याची बाधा अल्प असेल तर जमीनवाल्याने अडवू नये. विहिरीचेही तसेच, जागा थोडी जाते आणि पाणी पुष्कळ मिळते, म्हणून ती होऊ द्यावी. मूळ शब्द 'अल्पबाध'. थोडी बाधा, मोठे हित. (कल्याणकारक हा शब्द कल्याणच्या खोऱ्याला चपखल बसतो, पण तो योगायोग, त्यातून शोधनिबंध काढू नका.)

आम्ही पस्तीस-एक वर्षे वर्गात बेंथम शिकवला, पुष्कळांचे पुष्कळ सुख वगैरे. आम्हाला पहिल्यांदा वाटले, हे तर तेच! पण नाही. याज्ञवल्क्य लगेच पुढच्या श्लोकात एक अट घालतो, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. जमिनीच्या मालकाला न सांगता जर कुणी सेतू बांधला, तर त्या सेतूच्या फळावर हक्क बांधणाऱ्याचा नाही, मालकाचा. मालक नसेल तर राजाचा. म्हणजे पहिला श्लोक म्हणतो, थोडे नुकसान सोसा. दुसरा म्हणतो, ज्याने सोसायचे त्याला विचारले नसेल तर फायदा त्याचा. दोन्ही एकत्र वाचायचे असतात. बेंथममध्ये ही दुसरी अट नाही.

आणि हेही ध्यानात घ्या की या नियमामागचे चित्र एका गावाचे आहे. ज्याची जमीन जाते आणि ज्याला पाणी मिळते ते दोघे एकाच पाणवठ्यावर भेटणारे. बाधा अल्प की नाही हे डोळ्यांनी दिसते. विसाव्या शतकात या खोऱ्यात झाले ते असे की माप तेच राहिले, पण गाव मोठे झाले. इतके मोठे, की त्याच्या हितापुढे कुणाचीही बाधा अल्पच ठरावी.

त्याची सुरुवात पाण्यासाठी नव्हे, विजेसाठी झाली. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. भिवपुरीसाठी घाटमाथ्यावर आंध्रा नदी ठोकरवाडीला अडवली. ही आंध्रा इंद्रायणीला मिळणारी, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी डोंगरातून आरपार काढून कोकणात खाली सोडले, त्याच्या पडण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. तिकडे मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, तो पुष्कळांना माहीत असतो. पण वीज करून झाल्यावर त्या पाण्याचे काय झाले, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही.

भिवपुरीचे ते पाणी पेज नदीतून उल्हासला आले. पूर्वी उन्हाळ्यात डोहाडोहांनी उरणारी नदी बारमाही झाली. कर्जत तालुक्यात याच पाण्यावर राजनाला कालवा निघाला, आणि जिथे भातानंतर ओलीवर वाल, हरभरा यापलीकडे काही होत नसे तिथे उन्हाळी भात उभे राहिले. एप्रिलमध्ये कर्जतच्या गाडीतून खिडकीबाहेर हिरवे पट्टे दिसतात ते हे. आमचे आजोळ वांगणीच्या पुढे, नदीच्या काठाला. मामी नदीवर कपडे धुवायला जायची आणि दगडावरची ओल बघून सांगायची, "आज मुंबईत गिरणी बंद दिसते, नदी उतरलीय." आम्हाला ती गंमत वाटे. मोठेपणी समजले की मामी जलविज्ञान सांगत होती. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सुटते. शेताला केव्हा हवे, हा हिशेब त्या वेळापत्रकात नव्हताच. शेतकऱ्याला मिळाले ते उरलेले पाणी. मिळाले याबद्दल तो कृतज्ञ राहिला, पण उरलेल्यावर हक्क सांगता येत नाही. कालव्याची दुरुस्ती निघाली की हंगामच बुडाल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. आणि घाटावरच्या लोकांचे म्हणणे आहेच की हे पाणी मुळात आमचे. कृष्णेच्या बच्छावत लवादाने या वळवण्याला मर्यादा घालून दिली आहे, आणि दुष्काळ पडला की सोलापूर-पुण्याकडून ते थांबवण्याची मागणी येते. म्हणजे वांगणीचा शेतकरी भीमेच्या शेतकऱ्याच्या पाण्यावर, आणि कल्याण-डोंबिवलीचा नळही काही अंशी त्याच पाण्यावर. मोहिलीला जी उल्हास आपण उपसतो, तिच्यात मे महिन्यात पाऊस कुठून येणार?

इथे एका वेगळ्या रीतीची आठवण सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत पाहायला गेलो होतो. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन चार फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांचे एकच पीक. पाणी देणारा पाटकरी, राखणारा जागल्या, हे शेतकऱ्यांनीच नेमलेले. आम्ही एका म्हाताऱ्या पाटकऱ्याला विचारले, पाणी कमी पडले तर कुणाचे तोडता? तो म्हणाला, कुणाचंच नाही, एक फड टाकून देतो. रचना अशी की शक्यतो प्रत्येकाची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात. एक फड पडीक टाकला की टंचाई सगळ्यांना सारखी बसते. आमचा एक विद्यार्थी, आता तो मोठ्या हुद्द्यावर आहे, मला म्हणाला, "सर, हे रॉल्सच्या पुस्तकातलं वाटतं." आम्ही म्हटले, उलट, रॉल्स यांच्या फडातला वाटतो. वरच्या अंगाला मोठी धरणे झाल्यावर ते फडही मोडकळीला आले, तो भाग आज बाजूला ठेवू.

आता भातसा. शहापूर तालुक्यातले हे धरण पाटबंधारे खात्याचे. कागदावर ते सिंचनाचे आणि पिण्याच्या पाण्याचे, दोन्हीचे. शहापूर, भिवंडी, कल्याण या तालुक्यांची शेती भिजायची होती. धरण उभे राहिले, १९८३च्या पावसाळ्यात जलाशयाच्या भोवताली भूकंपाचे धक्केही बसले, लोक रात्री घराबाहेर झोपले. कालव्यांचे काम मात्र धरणाबरोबर पुरे झाले नाही, रेंगाळत राहिले. जे झाले ते पाझरू लागले. मुंबईची बाजू मात्र चोख झाली. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून पिसे येथे येते, तिथे बंधाऱ्यावर उपसून पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईला जाते. खडवलीला सहलीला जाऊन आपण ज्या पाण्यात पाय सोडून बसतो, ते दुसऱ्या दिवशी कुर्ल्यात कुणाच्या तरी बादलीत असते.

रोज जुलैत वर्तमानपत्रात तलावांचा तक्ता येतो, तो सर्वांनी पाहिला असेल. मुंबईच्या सात तलावांची एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसाचे ७,१७,०३७. निम्म्याला जेमतेम कमी. आता याच शहापूर तालुक्यात तानसाही आहे, १८९२पासून मुंबईला पाणी देणारा. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. धरणाची भिंत दिसते इतक्या जवळच्या पाड्यांनाही. जलवाहिनी बांधावरून जाते आणि बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन तिच्या बाजूने चालते, हे चित्र आम्ही स्वतः आसनगावच्या पुढे पाहिले आहे.

बारवी धरणाचे तर नावच वेगळे. ते औद्योगिक विकास महामंडळाचे, कारखान्यांसाठी आणि मग शहरांसाठी. त्यात शेतीला पाणी देण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे उंची वाढवली, आणखी घरे गेली, आणि त्या घरातल्या मुलांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून वर्षानुवर्षे झगडावे लागले.

खोऱ्याच्या पार खालच्या टोकाला, वसईला, हेच उलट दिशेने झाले. तिथे विहिरीवर रहाट, त्यावर केळीच्या आणि पानाच्या वाड्या. शहर वाढले, टँकरवाले विहिरींचे पाणी उपसून विकू लागले, विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. तेव्हा, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने मोठी चळवळ उभी केली. याज्ञवल्क्याची विहीर थोडी जागा घेऊन पुष्कळ पाणी देणारी होती. डिझेल पंप लावल्यावर तिचीच बाधा अल्प राहिली नाही.

म्हणजे आपल्या खोऱ्यात शेतीचे पाणी कुणी दरोडा घालून नेले नाही. प्रत्येक वेळी कारण चांगले होते. गिरण्यांना वीज, शहराला पिण्याचे पाणी, कामगारांना कारखाने. पिण्याचे पाणी शेतीच्या आधी, हे आम्हालाही मान्य आहे. आक्षेप एवढाच की 'अल्पबाध' हा पहिला श्लोक प्रत्येक वेळी वाचला गेला आणि दुसरा मिटून ठेवला गेला.

दुसरा श्लोक एकदा तरी न्यायालयात उघडला गेला, अर्थात वेगळ्या भाषेत. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर मुंबई महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठी धरण घ्यायचे ठरले. २०११ साली वनजमिनीची परवानगी आणि ग्रामसभांची संमती यांच्या आधीच काम सुरू झाले. गावे मुख्यतः ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांची. श्रमिक मुक्ती संघटनेने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ साली काम थांबले. आता त्या धरणाची पुन्हा हालचाल आहे. ते व्हावे की होऊ नये, यावर सभेत दोन मते असतील, असू द्या. पण २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जे स्थान दिले आहे, ते म्हणजे मालकाला आधी सांगणे, हे ठाण्याच्या एका राजाने ज्यावर भाष्य केले त्याच मजकुरात सापडते. परदेशी कल्पना म्हणून ती बाजूला सारता येणार नाही.

भाषणानंतर एका बाईंनी विचारले, "मग आम्ही काय करायचं, नळ बंद करायचा?" नाही, ताई, नळ बंद करून राजनाल्याला पाणी जाणार नाही. पण दोन गोष्टी मागता येतील. आपल्या शहरांचे सांडपाणी खाडीत न सोडता शुद्ध करून कारखान्यांना द्यावे, म्हणजे तितके नदीचे पाणी मोकळे होईल. आणि आपल्या पाणीपट्टीत एक वेगळी ओळ असावी, भातसाच्या कालव्याच्या दुरुस्तीसाठी आणि शहापूरच्या पाड्यांच्या नळासाठी. किती रुपये, ते हिशेबनीसांनी ठरवावे. त्यांनी लगेच विचारले, "आणि ते पैसे तिकडे पोचतील याची खात्री?" त्यावर सभागृहात हशा झाला. आम्ही म्हटले, खात्री नाही. म्हणून तो हिशेब महापालिकेत नव्हे, शहापूरच्या ग्रामसभेत वाचला जावा.